पाच तारे आणि आईची मांडी

चौपदरी झालेल्या राष्ट्रीय महामार्ग ३६१ वरील वेगाविषयी या स्तंभात पंधरवड्यापूर्वी जे लिहिले गेले, त्यावर या आठवड्यात आर्णी, कळंब आणि दारव्हा येथून आलेल्या पत्रांचा सूर आश्चर्य वाटावे इतका सारखा आहे. गाडी पाच तारे मिळालेली घेतली आहे, लेकरू मागच्या सीटवर आईच्या मांडीत असते, मग लहान मुलांसाठी गाडीत बसवावयाच्या वेगळ्या आसनाचा, म्हणजे बाजारात ज्याला बेबी कार सीट म्हणतात त्या बालआसनाचा, खर्च कशाला, असा हा प्रश्न आहे. पत्रलेखक निष्काळजी नाहीत. गाडी घेताना मानांकन पाहणारे ते सजग पालक आहेत, आणि नेमकी हीच गोष्ट अस्वस्थ करणारी आहे, कारण ते तारे कशाचे असतात हे त्यांना ना विक्रेत्याने समजावून सांगितले, ना जाहिरातीने.

नव्या गाड्या प्रत्यक्ष आदळवून त्यांची सुरक्षितता मोजणारी भारत एनकॅप ही योजना १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आली. तीत प्रौढ प्रवाशांसाठी ३२ आणि बालप्रवाशांसाठी ४९ गुण स्वतंत्रपणे ठेवलेले असून दोन्हींचे तारे वेगवेगळे दिले जातात. बालप्रवाशांच्या ४९ पैकी २४ गुण दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलाच्या मापाच्या पुतळ्यांना आघातात किती इजा पोहोचते यावर, १२ गुण निरनिराळी बालआसने त्या गाडीत पक्की बसतात की नाही यावर आणि उरलेले १३ गुण गाडीतील तत्संबंधी सोयींवर अवलंबून असतात. ताशी ६४ किलोमीटर वेगाने गाडी दबणाऱ्या अडथळ्यावर आदळवली जाते, त्या वेळी हे दोन्ही पुतळे बालआसनात पट्ट्यांनी बांधलेले असतात. मांडीवर धरलेल्या मुलाची चाचणी या योजनेत घेतलीच जात नाही. म्हणून ज्या गाडीत बालआसन नाही, त्या गाडीतील मुलाच्या वाट्याला बालसुरक्षिततेचा एकही तारा येत नाही, मग काचेवरच्या पट्टीत ते कितीही असोत.

राहिला आईच्या हातांचा प्रश्न. ताशी ५० किलोमीटर वेगाने चाललेली गाडी समोरच्या ट्रकवर आदळून एक दशांश सेकंदाहून थोड्या कमी वेळात थांबते, तेव्हा गाडी थांबली तरी आतील प्रत्येक शरीर पूर्वीच्याच वेगाने पुढे जात असते, आणि त्या क्षणी दहा किलोच्या लेकराला जागेवर रोखून धरण्यासाठी लागणारे बळ सुमारे १७० किलो वजन उचलण्याइतके असते. जिनिंग-प्रेसिंगमधून बाहेर पडणाऱ्या कापसाच्या एका गाठीचे वजन नेमके एवढेच असते, आणि ती अंगावर फेकली तर झेलता येईल काय, हे यवतमाळ जिल्ह्यातील कोणाला विचारण्याची गरज नाही. आईने सीटबेल्ट लावला नसेल तर तिचे स्वतःचे शरीर त्याहून कितीतरी अधिक जोराने मुलाला पुढच्या सीटच्या पाठीवर दाबते. तिने तो लावला असेल तर ती जागीच राहते आणि मूल हातांतून सुटते. आणि दोघांना मिळून एकच पट्टा लावला, जसा तो अनेकदा प्रेमापोटी लावला जातो, तर पट्टा आणि आईचे शरीर यांच्यामध्ये मूल चेपले जाते. मायेत उणे काही नाही, परंतु माणसाच्या हातांत तेवढे बळच नसते.

हा गैरसमज कायद्याने आधी मान्य केला आणि नंतर दुरुस्त केला, असे एक उदाहरण उपलब्ध आहे, आणि ते एखाद्या महानगरातले नसून एका जिल्ह्याच्या आरोग्य विभागातले असल्यामुळे येथील वाचकाने त्याच्याकडे बारकाईने पाहणे योग्य ठरेल. अमेरिकेतील टेनेसी राज्यात मर्फ्रीसबरो या गावी रॉबर्ट सँडर्स नावाचे बालरोगतज्ज्ञ रदरफर्ड काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारख्या एका प्रशासकीय विभागाच्या, आरोग्य खात्याचे संचालक होते. चार वर्षांखालील मुलांना गाडीत बालआसनातच बसवले पाहिजे असा कायदा व्हावा म्हणून त्यांनी विधिमंडळाचा पिच्छा पुरवला, १९७७ मध्ये तो संमत झाला आणि १ जानेवारी १९७८ पासून लागू झाला; अमेरिकेच्या कोणत्याही राज्यातील असा हा पहिलाच कायदा होता. तो संमत करताना मात्र लोकप्रतिनिधींनी त्यात एक सवलत घुसवली: मूल कोणा मोठ्या माणसाच्या कुशीत असेल तर बालआसन नसले तरी चालेल. कायद्याचा गाभाच पोखरणारी ही सवलत होती, कारण तान्ह्या मुलांचा सर्वांत मोठा वर्ग तिने बाहेर ठेवला, आणि आईच्या कुशीवर कायद्याने मोहोर उमटवल्यामुळे जे पालक आसन घेण्याच्या विचारात होते त्यांनाही ते अनावश्यक वाटू लागणे साहजिक होते. सँडर्स या सवलतीला लेकरे चिरडणारी सवलत म्हणत. त्यांनी पिच्छा सोडला नाही आणि १९८१ मध्ये ती सवलत रद्द झाली. पुढे १९८५ पर्यंत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत बालआसनाचे कायदे झाले. योग्य रीतीने वापरलेल्या आसनामुळे मोटारीतील अर्भकांच्या मृत्यूचा धोका ७१ टक्क्यांनी आणि एक ते चार वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचा धोका ५४ टक्क्यांनी कमी होतो, असा त्या देशाच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाचा निष्कर्ष आहे.

आता आपल्याकडील तरतूद पाहावी. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४ब नुसार चौदा वर्षांखालील मूल सीटबेल्टने किंवा बालआसनाने सुरक्षित केलेले नसताना गाडी चालवणाऱ्याला, अथवा ती तशी चालवू देणाऱ्याला, एक हजार रुपये दंड आहे. कागदावर हा कायदा टेनेसीच्या मूळ कायद्यापेक्षा कडक आहे, कारण त्यात कुशीची सवलत नाही. तथापि दोन उपायांपैकी कोणता कोणत्या वयाला, वजनाला किंवा उंचीला लागू हे कलमात सांगितलेले नसल्यामुळे सहा महिन्यांचे बाळ आणि तेरा वर्षांचा मुलगा एकाच पंक्तीत येतात, आणि जी सवलत कायद्यात नाही ती रस्त्यावर सर्वांना बिनदिक्कत मिळते. पांढरकवड्याहून आदिलाबादकडे जाणाऱ्या महामार्ग ४४ वर चालकाचा पट्टा तपासला जातो, मांडीवरच्या बाळाकडे पाहून तपासणारे हसतात आणि गाडी सोडतात. याउलट दुचाकीसाठी केंद्राने १५ फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेत चार वर्षांखालील मुलाला चालकाशी बांधून ठेवणारा पट्ट्यांचा अंगरखा, नऊ महिन्यांपुढील मुलाला हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा इतक्या तपशिलाने नियम केले आहेत. त्यांचेही पालन होत नाही हे खरे, पण नियम निदान स्पष्ट आहेत. मोटारीतील मुलाला तेवढीही स्पष्टता मिळालेली नाही.

टेनेसीच्या उदाहरणातून घेण्यासारखी खरी गोष्ट दंडाची नाही, तर हे काम आरोग्य खात्याने हाती घेतले ही आहे. १९८० मध्ये अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने बाळाचा इस्पितळातून घरी जाण्याचा पहिला प्रवासच सुरक्षित असावा, अशी मोहीम सुरू केली. आपल्याकडे तो पहिला प्रवास सरकारच घडवून आणते: जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात, जो १ जून २०११ पासून सुरू आहे, प्रसूतीनंतर आई आणि बाळ यांना घरी मोफत सोडण्याची सोय आहे. त्या कार्यक्रमाच्या मोफत सोयींत औषधे, तपासण्या, रक्त, आहार आणि ने-आण यांची नोंद आहे, परंतु बाळाने त्या वाहनात कशात बसावे याचा विचार नाही. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातून झरी-जामणी किंवा उमरखेडच्या गावी निघालेले दोन-तीन दिवसांचे बाळ शंभर किलोमीटरच्या आसपासचा प्रवास हातांवर करते, आणि तेथूनच मांडी हीच बाळाची जागा हा धडा पक्का होतो.

असा धडा बदलता येत नाही, असे म्हणणाऱ्यांनी विदर्भातल्याच गडचिरोलीकडे पाहावे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने एकोणचाळीस गावांतील स्त्रियांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेण्याचे प्रशिक्षण दिले, तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्युदर ६० टक्क्यांहून अधिक घटल्याचे १९९९ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि २०११ मध्ये तीच पद्धत देशाचे धोरण बनली. आज आशा कार्यकर्ती इस्पितळात जन्मलेल्या बाळाच्या घरी बेचाळीस दिवसांत सहा वेळा जाते. बाळाला उबदार ठेवणे, अंगावर पाजणे, वजन करणे, धोक्याची लक्षणे ओळखणे हे ती शिकवते. गाडीत बाळ कसे न्यावे हे तिच्या शिकवणीत घालण्यास पैसा लागत नाही, आणि आई तिचे ऐकते, जे वाहतूक पोलिसाच्या बाबतीत होत नाही.

शिकवावयाचे आहे ते तसे थोडे आहे, पण त्यातील प्रत्येक तपशील महत्त्वाचा आहे. तान्ह्या बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे व जड आणि मानेचे मणके अद्याप कोवळे असतात. म्हणून त्याचे आसन मागच्या सीटवर, बाळाचे तोंड गाडीच्या मागील बाजूस येईल असे लावतात, म्हणजे समोरून आघात झाला तरी डोके, मान आणि पाठ आसनाच्या टणक कवचात एकदम टेकतात आणि मानेला हिसका बसत नाही. युरोपीय नियम आर-१२९ नुसार किमान पंधरा महिन्यांपर्यंत असेच बसवणे बंधनकारक आहे आणि त्यानंतरही आसनाची मर्यादा परवानगी देईल तोवर तसेच बसवावे. पुढच्या सीटवर, जेथे समोर एअरबॅग चालू असते, असे आसन कधीच लावू नये, कारण फुगणारी एअरबॅग थेट त्या कवचावर आदळते. आसन गाडीच्या पट्ट्याने, किंवा आयसोफिक्सने, म्हणजे मागच्या सीटच्या पाठ व बैठकीच्या सांध्यात गाडीच्या सांगाड्याला जोडलेल्या दोन लोखंडी कड्यांनी, इतके घट्ट बसवावे की पट्टा जेथून जातो तेथे धरून हलवल्यास ते अडीच सेंटिमीटरहून अधिक सरकू नये.

येथे विदर्भातील घराघरांतील एक सवय आड येते. बाळाला दुपट्यात हातपाय आत घेऊन घट्ट गुंडाळतात आणि ते गाठोडे तसेच आसनात ठेवतात. त्यामुळे पायांमधून वर येणारा पट्टा लावताच येत नाही आणि खांद्यावरचे पट्टे दुपट्याच्या घड्यांवर सैल राहतात. बाळाला पाय मोकळे राहतील असे झबले आणि चड्डी घालून आधी बसवावे, खांद्याच्या उंचीवरून किंवा थोडे खालून येणारे पट्टे इतके ओढावेत की खांद्यापाशी पट्ट्याची चिमटी घेता येऊ नये, आणि मग दुपटे वरून पांघरावे. बाळाची हनुवटी छातीवर टेकत असेल तर आसन जास्त उभे आहे, ते कलते करावे. एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा येथील पारा ४४ अंशांपलीकडे जातो, उन्हात उभ्या गाडीतील बकल बाळाच्या मांडीला चटका देते. ते आधी हाताने पाहावे. बाळ रडले तर गाडी थांबवून पाजावे, धावत्या गाडीत आसनातून काढू नये.

बूस्टरचा विषय थोडक्यात सांगता येतो, पण त्याबद्दलचे अज्ञान अधिक आहे. बूस्टर म्हणजे मुलाला उंच करणारी बैठक. ती मुलाला बांधत नाही, तर मोठ्यांसाठी केलेला पट्टा मुलाच्या शरीरावर योग्य जागी आणते. पट्ट्यांच्या आसनात न मावणाऱ्या मुलाची उंची साधारण १४५ सेंटिमीटर होईपर्यंत बूस्टर आवश्यक असतो, कारण त्याशिवाय कमरेचा पट्टा कमरेच्या हाडाऐवजी पोटावर येतो आणि आघातात आतडी व कण्याला इजा करतो, तर खांद्याचा पट्टा गळ्याला लागतो म्हणून मूल तो काखेखाली किंवा पाठीमागे सारते आणि मग तो नसल्यासारखाच ठरतो. जुन्या गाड्यांतील मधल्या जागेवर केवळ कमरेचा पट्टा असतो. तेथे बूस्टर वापरू नये. जीपच्या मागील आडव्या बाकांवर तर कोणतेच आसन बसत नाही, आणि शाळेच्या सहलीपासून लग्नाच्या वऱ्हाडापर्यंत मुलांना आवर्जून तेथेच बसवले जाते.

खर्चाचा आक्षेप खरा आहे. साधारण आसन चार-पाच हजारांपासून पुढे मिळते आणि बाळाला ते वाढत्या वयात बदलावे लागते. म्हणूनच या स्तंभातून वारंवार केलेली मागणी पुन्हा करणे भाग आहे: दर जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियानाच्या नावाने चौकाचौकांत जे फलक लागतात, त्यांच्यावरचा पैसा जिल्हा रस्ता सुरक्षा समितीने तालुक्याच्या रुग्णालयांना द्यावा आणि त्यातून बालआसने अनामत घेऊन वापरायला देण्याची सोय करावी. फलकाने कोणाचा वेग कमी झाला याचा पुरावा मागितला तर कोणापाशी नसेल, आणि आसनाचा उपयोग मात्र दुसऱ्या दिवसापासून होतो. पहिले बाळंतपण माहेरी होते आणि दोन-तीन महिन्यांनी बाळ-बाळंतिणीला गाडीने सासरी पोहोचवतात. त्या एका प्रवासासाठी आणि पुढच्या वर्षभरासाठी आसन रुग्णालयातून मिळाले तर ते विकत घेण्याचा प्रश्नच उरत नाही. मात्र देताना त्यावर एआयएस-०७२ या भारतीय मानकाचे किंवा आर-४४, आर-१२९ या युरोपीय मानकांचे लेबल आहे हे पाहावे, उत्पादनाची तारीख नोंदवावी, आणि परत घेताना ते कोणत्याही अपघातात सापडले होते काय हे विचारून, तसे असल्यास बाहेरून अभंग दिसले तरी ते पुन्हा वापरात आणू नये, कारण कवचाला आतून गेलेला तडा डोळ्यांना दिसत नाही.