तुमची कल्पना एका वाक्यात

गेल्या पावसाळ्यात एका शहरातल्या विचार-परिषदेत बोलण्यासाठी मी मोबाइलवर अर्ज भरला. परिषद टेडच्या धर्तीवरची. टेडमध्ये वक्त्याला जास्तीत जास्त 18 मिनिटं मिळतात, इथं बाराच होती. मानधन नव्हतं, केदारखेड्याहून जाण्या-येण्याचं भाडं मी माझं काढलं असतं. अब्बांना सांगितलं तर म्हणाले, "बुलाए क्या उनो? फिर काय कू जाती?" त्यांच्या पिढीत आमंत्रण यायचं किंवा यायचं नाही. अर्ज करून बोलायला जाणं म्हणजे मुलीने स्वतःचं स्थळ मागायला जाणं, असं त्यांना वाटलं.

(अर्ज हा शब्दही अरबी-फारसीच्या वाटेने आलेला. शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला, तरी मराठीतून तो काही गेला नाही.)

'तुमची कल्पना एका वाक्यात लिहा' या रकान्यावर माझ्या तीन रात्री गेल्या. शेवटी लिहिलं: उर्दूच्या मुलांना मराठी शिकवताना मला मराठी नव्याने कळली. ते खरंच आहे. उर्दूत दोनच लिंगं, म्हणून किताबच्या सवयीने मूल 'माझी पुस्तक' म्हणतं. उर्दू लिपीत ळ नाही, जळगाव तिथं 'जलगांव' होतं. या चुका सगळ्यांना दिसतात. पण 'जमीन' आणि 'जीवन' यांतले दोन ज वेगळे आहेत, हे मराठी लिपी दाखवत नाही; उर्दूत एक ज़े आणि एक जीम. 'चंद्र' आणि 'चांदणी' म्हणताना च बदलतो, हे मला एका सहावीतल्या मुलीने विचारलं. बीएडला असताना कुणी विचारलं नव्हतं.

निवड समितीतल्या एका ताईंचा फोन आला. विषय छान आहे म्हणाल्या. मग, "मॅडम, पण तुम्ही तलाक किंवा बुरख्यावर बोलाल का? तुमच्याकडून ऐकायला लोकांना आवडेल." मी नाही म्हटलं. यादीत माझं नाव आलं नाही.

तलाकवर मला मत नाही असं नाही. मोहल्ल्यातल्या बायकांत बसून ते मी बोलते, भांडतेही. हमीद दलवाईंनी 1970 साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं तेव्हा तो विषय त्यांनी स्वतः निवडला होता. मला तो वाढून दिला जात होता. माझी वीस वर्षांची शिकवणी बाजूला ठेवून फक्त माझं नाव मंचावर हवं होतं, असं मला वाटलं. ताईंचा हेतू वाईट नसेल. पण माझ्याच शाळेतल्या कुलकर्णी सरांनी व्याकरणावर अर्ज केला असता, तर त्यांना कुणी हुंड्यावर बोला म्हटलं असतं का?

1990 साली सोलापुरात फ. म. शहाजिंदे यांच्या अध्यक्षतेखाली पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. त्याच वर्षी पुण्याच्या अखिल भारतीय संमेलनाचे अध्यक्ष होते यू. म. पठाण, संत साहित्याचे अभ्यासक. एकीकडे आपण स्वतःचा मंच उभारला, दुसरीकडे कामाच्या जोरावर सगळ्यांच्या मंचावर गेलो. मला दोन्ही हवेत. आपले शिक्षक मात्र अर्ज हातात घेण्याआधीच "अपने कू कौन लेंगे" म्हणून मोकळे होतात. निदान नकार तरी येऊ द्या की!

यंदाचा अर्ज निघालाय. एका वाक्याच्या रकान्यात मी तेच वाक्य टाकलंय. एका मिनिटाचा व्हिडिओ राहिलाय. तो वर्गातच काढायचा आहे, पण पंखा चालू असला की माझा आवाज येत नाही, आणि बंद केला की सहावीची पोरं ओरडतात.