मार्जिन आणि मार्कअप : टक्के नेमके कशावर?

ईदचा हंगाम जवळ आला की कापड बाजारात एक वाक्य हमखास कानी पडते: "पंचवीस टक्के मार्जिन आहे, वीस टक्के सूट दिली तरी पाच टक्के सुटतातच." आमच्या मते उधारीइतकेच या वाक्यानेही दुकानदार बुडतात.

मार्जिन आणि मार्कअप हे दोन इंग्रजी शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. ४०० रुपयांना आणलेला ड्रेसपीस ५०० ला विकला, तर नफा १०० रुपये. हे १०० खरेदीच्या ४०० वर मोजले तर २५ टक्के होतात, तो मार्कअप. विक्रीच्या ५०० वर मोजले तर २० टक्के, ते मार्जिन. सूट मात्र विक्रीच्या भावावर दिली जाते. ५०० वर २० टक्के सूट म्हणजे १०० रुपये, पीस गेला ४०० लाच. भाडे, हमाली, नोकराचा पगार पदरचा.

आम्ही उर्दू शाळेत शिकलो. तिथे फीसदी नफा लागतीवरच काढायला शिकवीत. मराठी शाळेतही शेकडा नफा खरेदीवरच. म्हणून आपण तोंडाने मार्जिन म्हणतो आणि मनात मार्कअप धरतो. एका ठोक व्यापाऱ्याशी आमचे २५ टक्के तोंडी ठरले, विक्रीचा भाव ५००. आम्ही मार्जिन धरून ३७५ चा हिशेब केला, त्यांनी मार्कअप धरून ४०० चे बिल पाठवले. २०० नगांमागे ५,००० रुपयांचा फरक! खोटे कोणीच बोलले नव्हते, पण जुने येणे-जाणे तुटले ते तुटलेच.

फिकहमधला मुराबहा आठवा. विक्रेता आपली खरेदी किंमत सांगतो आणि ठरलेला नफा तीवर चढवतो. टक्क्यांत सांगितला तर हाच मार्कअप. तिथे खरेदी वाढवून सांगणे ही खयानत. घासाघिशीच्या साध्या सौद्यात खरेदी सांगण्याचे बंधन नाही हे खरे, पण "फक्त दहा टक्के ठेवतो" असे गिऱ्हाइकाला स्वतःहून सांगायचे, तर ते दहा कशावर हेही सांगावे.

ठोक माल घेताना टक्क्यांपुढे "खरेदीवर" किंवा "विक्रीवर" हा एक शब्द लिहून घ्या. आणि ४०० च्या मालावर खरोखर २५ टक्के मार्जिन हवे असेल, तर ४०० ला ०.७५ ने भागा. भाव ५३३ च्या पुढे निघतो, ५०० नव्हे.