आमिष मराठीत, अटी इंग्रजीत

दुकानांच्या पाट्या मराठीत लावण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने 25 सप्टेंबर 2023 रोजी व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली. त्याआधी 2022 मध्ये राज्य सरकारने कायद्यात दुरुस्ती करून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या छोट्या दुकानांनाही हे बंधन लागू केले होते. मुंबईत यावरून बरेच रान पेटले. लोह्यासारख्या गावात, नांदेड-लातूर रस्त्याच्या कडेला, देवनागरी पाटीसाठी कायद्याची वाट पाहण्याची गरज नव्हती. ‘मोबाइल शॉपी’, ‘मेन्स वेअर’, ‘ब्युटी पार्लर’ अशी ती पाटी असते. लिपी मराठी, शब्द इंग्रजी. भाषाप्रेमींना हे खुपते. मला त्यात खुपण्यासारखे काही दिसत नाही. पाटीवरच्या इंग्रजी शब्दाने गिऱ्हाइकाच्या खिशातून एक रुपयाही जादा जात नाही. तोच शब्द हप्त्याच्या कागदावर, बियाण्याच्या लेबलावर किंवा जाहिरातीच्या तळाशी बारीक टायपात असला की मात्र जातो, आणि तिकडे मराठीच्या चळवळीचे लक्ष अजून फारसे गेलेले नाही.

बाजाराची मराठी कधीच सोवळी नव्हती. दुकान, नफा, वसूल, हिशेब, दलाल हे सगळे फारसी-अरबीतून आलेले. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, दरबारी यावनी शब्दांना संस्कृत पर्याय सुचवले गेले. पण बाजारातले दुकान दुकानच राहिले. मराठवाडा तर 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि कारभाराची भाषा उर्दू होती. इकडच्या मोंढ्यात लिलावाला हर्राशी म्हणतात, ते त्या काळाचेच देणे. त्याच ओघात पुढे बिल, रेट, ऑर्डर, पेमेंट हे शब्द येऊन मिसळले. देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने ते सारखेच वापरून गुळगुळीत केले आहेत. अडत्या ‘पेमेंट आठ दिवसांनी’ म्हणतो तेव्हा शेतकऱ्याला त्याचा अर्थ पुरता कळतो. आठाचे पंधरा होणार हेही कळते. लोहा तालुक्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून सौदा करण्याची जुनी रीत. शेजारी उभ्या असलेल्यालाही भाव कळत नाही, पण बोटे धरणाऱ्या दोघांना तो नीट कळतो. छापील अटींच्या इंग्रजीत याच्या उलट घडते. ती सगळ्यांसमोर उघडी असते आणि व्यवहारातल्या दोघांपैकी एकालाच कळते.

दसरा-दिवाळीच्या तोंडावर टीव्हीची, फ्रिजची, दुचाकीची जाहिरात अगदी घरगुती मराठीत बोलते. आज घरी न्या, पैसे सावकाश द्या, इथपर्यंत भाषेची काही अडचण नसते. सही करायचा कागद आला की प्रोसेसिंग फी, फोरक्लोजर चार्जेस, बाउन्स चार्जेस सुरू होतात. रिझर्व्ह बँकेने 17 सप्टेंबर 2013 रोजी (मराठवाडा मुक्तिदिनी, हा योगायोग) बँकांना स्पष्ट सांगितले होते की, शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते. व्याज प्रोसेसिंग फीच्या आडून ग्राहकाकडूनच घेतले जाते. त्यानंतर ‘नो कॉस्ट ईएमआय’ हा नवा शब्द बाजारात रुळला. रोखीने घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती ती अनेकदा इथे व्याजापोटी वळती केलेली असते. म्हणजे कॉस्ट आहेच, फक्त ती दुसऱ्या रकान्यात आहे. मुद्दल, व्याज, हप्ता, तारण, जामीन हे शब्द इथल्या प्रत्येक घराला पाठ आहेत, अनेकांना तर नको इतके. ‘मुदतीआधी फेडलेत तर दंड लागेल’ हे वाक्य मराठीत लिहिले असते, तर कितीतरी लोकांनी सहीआधी दोन प्रश्न विचारले असते.

सर्वांत बोलके उदाहरण बियाण्याचे आहे. पिशवीला निळे लेबल असेल तर ते प्रमाणित बियाणे, म्हणजे प्रमाणीकरण यंत्रणेने तपासलेले. हिरवट लेबल असेल तर ते ‘ट्रुथफुल’. हा शब्द ऐकताना बियाणे खरे असल्याची हमी वाटते. प्रत्यक्षात उगवणशक्ती आणि शुद्धता कंपनीने स्वतःच जाहीर केलेली असते, बाहेरच्या यंत्रणेने ती प्रमाणित केलेली नसते. असे बियाणे वाईटच असते असे मुळीच नाही. पण हा फरक पेरणाऱ्याला पेरणीआधी कळला पाहिजे. 2020 च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही म्हणून मराठवाड्यात तक्रारींचा पूर आला आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. त्यात दोष बियाण्याचा किती आणि पावसाचा किती, हा वाद वेगळा. सोयाबीनसाठी किमान 70 टक्के उगवणशक्तीचे प्रमाण ठरलेले आहे. तो आकडा पिशवीवर साध्या मराठीत असता, तर तक्रार करणाऱ्याचा पाय अधिक घट्ट रोवलेला राहिला असता.

यावर पहिला आक्षेप असा की, हे शब्द आता सर्वांना कळतात. एमआरपी ऐवजी ‘कमाल किरकोळ किंमत’ छापून काय साधणार? शब्द तोंडात असणे वेगळे आणि त्यातला हक्क माहीत असणे वेगळे. एमआरपी हा सरकारने ठरवलेला भाव आहे, असे समजणारे कमी नाहीत. बहुतेक वस्तूंवर तो उत्पादकच ठरवतो, त्याखाली घासाघीस करता येते आणि सगळे कर त्यात धरलेले असतात. ‘यापेक्षा जास्त पैसे देऊ नका, कर यातच आला’ एवढे छापले तरी पुरे. एमआरपी हे नाव खुशाल राहू द्या. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सरकारी मराठी इंग्रजीपेक्षाही अवघड असते. विम्याची भाषांतरित कागदपत्रे वाचणाऱ्याला हे पटेल. पण तो भाषांतर करणाऱ्याचा दोष. मोंढ्यातल्या मुनिमाला विचारून लिहिले तर ही वेळ येणार नाही. राहिला खर्चाचा मुद्दा. मराठवाड्यासाठी मराठी जाहिरात करायला, भिंती रंगवायला कंपन्यांकडे पैसा असतो. अटींची पाळी आली की तो संपतो, हे मानायला मी तयार नाही.

तत्त्व नियमांत आधीच आलेले आहे. 2022 च्या फसव्या जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की, दावा ज्या भाषेत त्याच भाषेत खुलासाही हवा. ऑक्टोबर 2024 पासून किरकोळ कर्जांसाठी खर्चाचे मुख्य तथ्यपत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. ते शोरूमच्या काउंटरवर मागून घेता येते आणि मागायला हवे. मागे राहिला आहे तो वेष्टनांचा नियम. 2011 च्या वैधमापन नियमांनुसार वेष्टनावरची सक्तीची माहिती हिंदी किंवा इंग्रजीत असली की भागते. अन्य भाषा जोडायला मुभा आहे, बंधन नाही. राज्याने केंद्राकडे मागायचे ते इथे. बिस्किटाच्या पाच रुपयांच्या पुड्यावर जागा नाही, हे मान्य. सोयाबीनची पिशवी पंचवीस-तीस किलोंची असते.