व्हीलचेअर नेमकी कोणासाठी?

मंडळी, उन्हाळा जवळ आला की सांता क्लारातल्या मराठी घरांत एकच विषय असतो, आईबाबांचे तिकीट. आणि पाठोपाठ तक्रार, विमानप्रवासात पूर्वीची मजा राहिली नाही!

तक्रार खोटी नाही. बोइंग ७७७ मध्ये पूर्वी एका रांगेत नऊ जण बसत, आता बहुतेक कंपन्या दहा बसवतात. ७८७ मध्ये आठांच्या जागी नऊ. आसनाची किमान मापे ठरवा, असे इथल्या काँग्रेसने २०१८ साली कायदा करून सांगितले. २०२४ च्या कायद्यात तोच विषय पुन्हा घ्यावा लागला. डिसेंबर २०२२ मध्ये एअर इंडियाने सॅन फ्रान्सिस्को-मुंबई थेट विमान सुरू केले तेव्हा आम्हाला वाटले, सुटलो. पण सलग सोळा-सतरा तास बसून सत्तरीचे गुडघे काय म्हणतात ते बाबांना विचारा.

मात्र एका बाबतीत दोष आपल्याकडेही येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईला उतरलेल्या एका वृद्ध जोडप्याला एकच व्हीलचेअर मिळाली. पत्नीला तीत बसवून ऐंशी वर्षांचे ते गृहस्थ शेजारून चालत निघाले, इमिग्रेशनपाशी कोसळले आणि गेले. एअर इंडियाला तीस लाख रुपये दंड झाला. तो व्हायलाच हवा होता. मागणी कितीही असो, खुर्च्या पुरवणे कंपनीचे काम.

पण ही मागणी वाढवतो कोण? आम्हीच वाढवली. आमची आई रोज पर्वती चढते. तरी तिकीट काढताना व्हीलचेअरवर खूण केली, कारण इंग्रजीत प्रश्न विचारला तर काय बोलू, ही तिची धास्ती. सोबतीला माणूस मिळतो, रांग टळते, पैसे पडत नाहीत. ओळखीच्या चारपाच घरांत हेच चालते. मुंबईची ती बातमी वाचल्यावर आईच म्हणाली, "अरे, माझ्यामुळे कोणी चालत गेलं असेल का रे?" आम्हाला उत्तर देता आले नाही.

ज्यांचे पाय खरोखर दुखतात त्यांनी बिनसंकोच खुर्ची मागावी. तो त्यांचा हक्क आहे. बाकीच्यांसाठी आम्ही एका पानाची चिठ्ठी केली आहे. डाव्या बाजूला मराठी वाक्य, उजवीकडे तेच इंग्रजीत: मुलाकडे आले आहे, सहा महिने राहणार, लोणचे आहे, माझे विमान कुठल्या गेटवर? बोट ठेवून दाखवले की झाले. पुढच्या कार्यक्रमात चहाच्या टेबलावर प्रती ठेवतो. लागतील तेवढ्या न्या आणि सुटलेली वाक्ये पेनाने खाली लिहून द्या.