प्रतिनिधी कोण, हे कामगारांनीच ठरवावे

आपली संघटना बदलावी की नाही, हा निर्णय मालकाचा नव्हे, सरकारचाही नव्हे. तो कामगारांचाच आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत हाच हक्क त्यांना मिळाला नाही. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने वाटाघाटींचा अधिकार 'प्रातिनिधिक' संघटनेकडे, म्हणजे तेथे राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे, ठेवला होता. ही मान्यता सभासदांच्या नोंदीवर ठरे, गुप्त मतदानावर नव्हे. परिणामी, बोनसवरून असंतुष्ट झालेले कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्याकडे वळले, तरी अधिकृत प्रतिनिधी जुनाच राहिला. 18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले.

तथापि, नेतृत्व बदलताना उद्योगाच्या स्थितीचाही हिशेब मांडावा लागतो. गिरण्यांत मालाचे साठे पडून होते आणि यंत्रमागांवर कापड निघतच होते. संप लांबणे अनेक मालकांना जड नव्हते. तो संप रीतसर मागे घेतला गेला नाही. हजारो कामगारांची नोकरी मात्र कायमची गेली.

संघटनेची निवड गुप्त मतदानानेच व्हावी, हा यातला धडा आहे. त्यासाठी कामगाराला आपली चूल पणाला लावावी लागू नये.