बॅज आधी की खेळ?

परवा भाच्याच्या स्काऊट पथकाला गाठी शिकवायला गेले होते. (लहानपणची हौस, अजून फिटलेली नाही!) बाहेर लोणावळ्याचा धो धो पाऊस, मैदान बंद, सगळी पोरं एका वर्गात. फळ्यावर रीफ नॉट, क्लोव्ह हिच, बोलाइनची चित्रं आणि मुलं ती वहीत उतरवतायत. एकाच्याही हातात दोरी नाही! विचारलं तर म्हणे, "मावशी, वही पूर्ण झाली की सही मिळते."

प्रवेश, तीन सोपान, मग राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार... पायऱ्या छान आखल्यात. दहावीला सवलतीचे गुणही मिळतात, म्हणून घरूनही घाई. सरांनाही दोष देववत नाही. आठवड्याला जेमतेम एक तास, त्यात सगळ्यांची तयारी करून घ्यायची.

मग बाकं बाजूला सारली. प्रत्येक संघाला एक दोरी. एक गडी 'दरीत', त्याने डोळे मिटून स्वतःच्या कमरेला बोलाइन बांधायची, बाकीच्यांनी त्याला फरशीवरून ओढत आणायचं. गाठ सुटली की पुन्हा पहिल्यापासून! हसून हसून पोटं दुखली, पण तासाभरात बहुतेकांना गाठ जमली. ज्यांना जमत होती तेच इतरांना शिकवत होते.

यात माझं काही डोकं नाही. १९०७ साली बेडन-पॉवेलनी ब्राउन्सी बेटावर वीस मुलांचं पहिलं शिबिर घेतलं, ते असंच. छोटे संघ, संघाला आपल्यातलाच नायक, आणि शिकणं खेळातून.

आणि आपल्याकडे तर हे नुसतं गमतीचं नाही. ३० जून २०२४ ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. अशा पाण्यात मुलांनी उडी घ्यावी असं कुणीच म्हणणार नाही. पण पाणी चढताना ओळखणं, लोकांना वेळीच मागे बोलावणं, काठावरून दोर टाकणं हे मावळातल्या पोराला यायलाच हवं. ते वहीतल्या चित्राने येत नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे. सही महिन्याभराने करावी, तीही न सांगता घेतलेल्या खेळात गाठ जमली तरच. बॅज दोन महिने उशिरा मिळाला तर काय बिघडलं?

पाऊस ओसरला की मळवलीहून लोहगडला न्यायचं ठरलंय. खुणांवरून माग काढत, गणेश, नारायण, हनुमान, महादरवाजा ओलांडत थेट विंचूकाट्यापर्यंत.

वह्या मात्र घरी ठेवायच्या. भाच्याने आत्ताच विचारलंय, "मग सही कशावर?"