एको जरा वाढवा ना!

मराठी माणसाच्या हातात माईक आला की 'हॅलो, वन टू थ्री'च्या पुढचं वाक्य ठरलेलं असतं. 'दादा, एको जरा वाढवा ना!' कॉलेजच्या गॅदरिंगला मीही हेच म्हटलं होतं. एकोमुळे आपण सुरात आहोत असं वाटतं, आणि नसलो तरी ते लगेच कळत नाही. एवढं पुरेसं असतं.

गेल्या दिवाळीत मैत्रिणीच्या सोसायटीत दिवाळी पहाट होती. तिची आई पहिल्यांदाच ऑर्केस्ट्रासोबत गाणार होती. काकू बँकेतून रिटायर झाल्या आणि मग पुन्हा गाण्याचा क्लास लावला. आदल्या संध्याकाळी साउंड चेकला माईकमधून स्वतःचा आवाज ऐकला आणि त्यांचा चेहरा पडला. 'केवढा कोरडा येतोय गं! मी नाही गात उद्या.'

यात काकूंची काही चूक नव्हती. हॉलमध्ये भिंती आणि छत आवाज परत पाठवतात, मैदानात तो सरळ आकाशात जातो. घरात गोड वाटलेला गळा एकदम उघडा पडतो.

साउंडवाला दादा अजून जुना अॅनालॉग मिक्सर वापरतो. डिजिटल मिक्सरच्या पोटातच इफेक्ट असतात. 2012 साली आलेल्या बेहरिंजरच्या एक्स-32 मध्ये एकाच वेळी आठ लावता येतात. दादाचे इफेक्ट मात्र मिक्सरबाहेर, रॅकमध्ये. त्यात यामाहाचा एसपीएक्स-90, म्हणजे ऐंशीच्या दशकातली पट्टीसारखी चपटी पेटी. (1957 च्या जर्मन ईएमटी-140 मध्ये याच कामासाठी भलामोठा पोलादी पत्रा टांगलेला असायचा. तो कोण टेम्पोत चढवणार!)

मला वाटायचं, गाणाऱ्याचा आवाज त्या पेटीतून जातो आणि नटूनथटून बाहेर येतो. तसं नाहीये. काकूंचा मूळ आवाज मिक्सरमधून सरळ स्पीकरकडे जातो. त्याची एक कॉपी 'ऑक्झिलरी'च्या बटणाने पेटीकडे जाते, आणि पेटीतून फक्त शेपूट परत येतं. म्हणून पेटीचं मिक्स शंभर टक्के 'वेट' ठेवायचं. मूळ आवाजही तिथून पुन्हा आला तर तो किंचित उशिरा येतो, पहिल्याशी भांडतो आणि गळा पोकळ वाटतो. कॉम्प्रेसरचं उलट. त्याच्यातून अख्खा आवाज जायला हवा, म्हणून तो 'इन्सर्ट'ला लागतो.

पेटीतून परत आलेलं दादा आणखी दोन चॅनलवर घेतो, कारण तिथे फेडर मिळतो आणि इक्वलायझरही. खालचा घुमणारा बेस तो सरळ कापतो. शिवाय तीस-चाळीस मिलिसेकंदांचा प्री-डिले. आधी शब्द पोचतो, मागून एको. नाहीतर अभंगाचा रेल्वे स्टेशनवरचा पुकारा होतो.

इथे मी शहाणपणा केला. दादा चहाला गेला होता आणि काकूंना धीर द्यायचा म्हणून मी एको परत येणाऱ्या चॅनलवरचं एक बटण फिरवलं. पेटीकडे आवाज पाठवणारं नेमकं तेच बटण! पेटीतून आलेलं पुन्हा पेटीत जायला लागलं. आधी शेपूट लांबलं, मग अशी काही शिटी वाजली की तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा गॅलरीत आले. दादा कप टाकून धावत आला आणि फेडर खाली ओढले. 'ताई, तुम्ही लिहा. हे राहू द्या.' मी मुकाट्याने खुर्चीत बसले.

मग त्याने जे केलं ते बघण्यासारखं होतं. त्याच चॅनलवरचं शेजारचं बटण त्याने थोडं उघडलं. ते मॉनिटरचं, म्हणजे काकूंच्या पायाशी ठेवलेल्या स्पीकरचं. हे बटण प्री-फेडर असल्यामुळे मैदानाचा फेडर कितीही खाली असला तरी मॉनिटरला फरक पडत नाही. लोकांना एको बेताचा, काकूंना भरपूर. त्याने दर दोन ओळींनंतर कान देऊन बघितलं, कारण मॉनिटर जास्त झाला की पुन्हा शिटी. काकूंनी एक अंतरा गायला आणि म्हणाल्या, 'आता कसं बरं वाटतंय!'

पहाटे साडेपाचला कार्यक्रम सुरू झाला. निवेदिका बोलायला लागली की दादा एकोचे दोन्ही चॅनल म्यूट करायचा, गाणं आलं की उघडायचा. अडीच तासांत एकदाही विसरला नाही. काकूंचं पहिलं गाणं जरा थरथरत गेलं, दुसऱ्याला आवाज मोकळा झाला. माझी नजर मात्र दादाच्या बोटावर होती. मॉनिटरचं ते बटण तो प्रत्येक गाण्याला केसभर मागे घेत होता. चौथ्या गाण्याला ते जवळजवळ बंद होतं आणि काकू डोळे मिटून तान घेत होत्या.

फराळाच्या वेळी त्या खास त्याला चकली द्यायला आल्या. 'एको मस्त दिला होतात हं! त्याच्यामुळेच निभावलं.'

दादा केबल गुंडाळत होता. माझ्याकडे बघून म्हणाला, 'हो काकू. फुल्ल होता.'